गुडघ्यामागे धावणारी रेघ

काम ऐकायला सोपं होतं. ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येईल अशा स्टँडवर, बसवलेली सायकल, बाजूला तिवईवर स्थिर कॅमेरा आणि एका लयीत पेडल मारणारा सायकलपटू. त्याच्या पायावर तीन बिंदू मानायचे: खुबा, गुडघा आणि घोटा. ते जोडणाऱ्या दोन जाड रेघा, गुडघ्यापाशी अर्धपारदर्शक रंगाचा कोन आणि शेजारी अंशांचा आकडा. सीट वर-खाली केली की गुडघ्याचा वाक कसा बदलतो ते शिकणाऱ्याला नुसतं बघून कळावं, एवढ्यासाठी एक प्रशिक्षक हा व्हिडिओ बनवून घेत होते.

पॉइंट ट्रॅकिंग, म्हणजे चित्रातला एखादा बिंदू फ्रेममागून फ्रेम शोधत जाणं, मला नवं नव्हतं. पण एरवी ते कशासाठी लागतं? चालत्या माणसाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत ठेवायला, नाहीतर गाडीची नंबरप्लेट धूसर करायला. तिथे ठिपका चार पिक्सेल इकडेतिकडे सरकला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. इथे मात्र आकृतीचा प्रत्येक कोपरा आपापल्या वाटेने हलणार होता आणि त्या कोपऱ्यांवरूनच आकडा निघणार होता. म्हणजे पिक्सेलमधली गडबड थेट अंशांत दिसणार.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘मोका वापर’. मोका हा प्लेनर ट्रॅकर आहे. एखाद्या सपाट पृष्ठभागावरचा सगळा पोत तो एकदम पकडतो, आणि मोबाइलची स्क्रीन किंवा भिंतीवरची पाटी बदलायची असेल तर त्याला तोड नाही. पण इथे सपाट काय आहे? मांडी गोल, तिच्यावरचं कापड ताणलं जाणारं, आणि गुडघ्याशी तर सगळंच दुमडतं. मला पृष्ठभाग नको होता, बिंदू हवे होते. म्हणून आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ-इफेक्टच्या सॉफ्टवेअरमधला जुनाच ट्रॅकर उघडला.

या ट्रॅकरच्या प्रत्येक बिंदूला दोन चौकटी आणि एक फुली असते. आतली चौकट म्हणजे फीचर रीजन. तिच्यातला चित्राचा तुकडा ट्रॅकर लक्षात ठेवतो. बाहेरची चौकट म्हणजे सर्च रीजन. पुढच्या फ्रेममध्ये तो तुकडा कुठे गेला ते फक्त एवढ्याच हद्दीत शोधलं जातं. आणि फुली म्हणजे अटॅच पॉइंट, जिथला पत्ता शेवटी आपल्या हातात पडतो. ही फुली चौकटीच्या मधोमधच असली पाहिजे असं नाही, आणि या कामातली निम्मी डोकेफोड तिच्याचपायी झाली.

आतल्या चौकटीत काय पकडायचं हा पहिला प्रश्न. सायकलपटूच्या काळ्या शॉर्ट्सची कड पांढऱ्या पट्टीमुळे ठसठशीत दिसत होती आणि नजर आधी तिथेच जात होती. पण सरळ कड हा ट्रॅकरसाठी वाईट तुकडा. कड आडवी सरकली ते कळतं, पण कडेच्याच दिशेने लांबवर सरकली तर तुकडा जसाच्या तसा दिसतो, आणि ट्रॅकर त्या रेघेवरून घसरत राहतो. उजेड-अंधाराचा फरक दोन्ही दिशांना असेल असा कोपरा किंवा ठिपका लागतो. लुकास आणि कानादे या संगणक-संशोधकांनी १९८१ मध्ये तुकडा जुळवण्याची जी पद्धत मांडली तिच्या मुळाशी हे गणित आहेच. पुढे शी आणि तोमासी यांनी १९९४ मध्ये मागोवा घ्यायला चांगला तुकडा कोणता, हे त्याच गणितातून नेमकं ठरवून दाखवलं.

सुदैवाने चित्रीकरण करणाऱ्यांनी खुब्यावर आणि गुडघ्यावर टिकल्या लावल्या होत्या: पांढरं वर्तुळ, आत काळा ठिपका, व्यास साधारण २५ मिलिमीटर. गोल टिकली निवडणाऱ्याला मी मनातल्या मनात धन्यवाद दिले. अधिकच्या चिन्हाची टिकली लावली असती तर मांडी वर-खाली होताना तिचा हळूहळू गुणाकार झाला असता आणि ट्रॅकरने मध्येच हात टेकले असते. गोल ठिपका कितीही फिरवा, तसाच दिसतो.

ही युक्तीही काही आजची नाही. एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके लावले आणि काळ्या पार्श्वभूमीसमोर त्याला चालायला लावून एकाच काचेवर एकामागून एक छायाचित्रं घेतली. प्रतिमेत माणूस नाहीसा झाला, उरल्या फक्त रेघा. माझ्यापुढे होतं ते तेच काम, फक्त माणूस नाहीसा न होता.

तिसरी टिकली मात्र मोज्याच्या घडीत गडप झाली होती. घोट्याला खूणच नव्हती. त्याकडे नंतर येते.

आधी वेगाचा हिशेब करावा लागला, कारण घोट्याच्या भागात ट्रॅक चार-पाच फ्रेममध्येच सुटत होता. सायकलपटू मिनिटाला सुमारे ९० फेरे मारत होता. क्रँकची, म्हणजे पेडल धरणाऱ्या दांडीची, लांबी १७० मिलिमीटर, म्हणजे पेडल एका फेऱ्यात १०६८ मिलिमीटर वाट कापतं. फुटेज सेकंदाला २५ फ्रेमचं. एक फेरा जेमतेम सतरा फ्रेममध्ये संपतो आणि दर फ्रेमला पाऊल ६४ मिलिमीटर पुढे जातं. चित्रात एक मिलिमीटर म्हणजे ०.८ पिक्सेल; म्हणजे दर फ्रेमला ५१ पिक्सेलची उडी. सर्च रीजन फीचरच्या चारही बाजूंना किमान एवढं पसरलेलं नसेल तर ट्रॅकर जिथे शोधतोय तिथे पाऊल नसतंच. त्यात शटर १/५० सेकंदाचं. तेवढ्या वेळात पाऊल २६ पिक्सेल सरकतं, म्हणजे बुटावरची प्रत्येक बारीक खूण तेवढी लांब फासली गेलेली. नेमका किती विस्कळीत माल आपल्याला मिळाला आहे ते या दोन आकड्यांनी कळलं. मग चिडचिड कमी झाली.

सर्च रीजन मोठं केलं की काम हळू होतं, हे ठीक. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे शोधाच्या हद्दीत सोंगं घेणारे शिरतात. बुटावर गोल लाल बकल होतं, तेच मी पकडलं होतं. पाय खाली आला की ते चेनरिंगच्या, म्हणजे पेडलपाशी असलेल्या दातेरी चक्राच्या, समोरून जातं आणि चेनरिंगवर गोल, चकचकीत बोल्ट असतात. ट्रॅकर बकल सोडून बोल्टवर जाऊन बसायचा आणि पुढचे दोन फेरे बोल्टबरोबर घट्ट, अचूक, आत्मविश्वासाने फिरत राहायचा. आफ्टर इफेक्ट्स प्रत्येक फ्रेमला ‘कॉन्फिडन्स’चा आकडा नोंदवतं आणि तो अमुक टक्क्यांखाली गेला तर काय करायचं ते आपल्याला ठरवता येतं. मी ‘ट्रॅकिंग थांबव’ हा पर्याय ठेवला होता. पण आकडा खाली गेलाच नाही. तुकडा छान जुळतोय, एवढंच तो सांगतो. तुकडा कशाचा, हे त्याला ठाऊक नसतं.

इथे चॅनेल बदलून काम झालं. ट्रॅकरच्या पर्यायांत आरजीबी (सगळे रंग), ल्युमिनन्स (उजेड) आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) अशा तीन वाटा असतात. उजेडाच्या हिशेबात लाल बकल आणि चंदेरी बोल्ट सारखेच चमकत होते. रंगाच्या गडदपणात मात्र बोल्टजवळ काहीच नव्हतं. सॅच्युरेशन निवडताच उड्या थांबल्या. पण सगळा शॉट त्याच वाटेने नेला नाही, कारण कॅमेऱ्याच्या ४:२:० फुटेजमध्ये रंगाची माहिती उभी आणि आडवी दोन्हीकडे निम्म्याच बारकाईने साठवलेली असते. त्या वाटेने घेतलेला ट्रॅक थरथरतो. म्हणून चेनरिंगच्या आसपासच्या फ्रेमपुरतं सॅच्युरेशन, बाकी ठिकाणी ल्युमिनन्स, असं सांधत गेले. कंटाळवाणं काम आहे. पण फ्रेम-फ्रेमने बोटाने खेचण्यापेक्षा बरं.

गुडघा त्यामानाने गुणी निघाला. गुडघा वर-खाली होतो आणि दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो. त्या फ्रेममध्ये टिकली अगदी स्वच्छ दिसते. ट्रॅकिंग पहिल्या फ्रेमपासूनच सुरू केलं पाहिजे असा काही नियम नाही. पाय तळाशी असतानाची स्वच्छ फ्रेम शोधायची, तिथे चौकट बसवायची आणि तिथून पुढे एकदा, मागे एकदा असा मागोवा घ्यायचा. फुटेज एच.२६४ या दाबून साठवण्याच्या प्रकारातलं असेल तर मागे जाताना संगणक रडतो, कारण त्यातल्या बहुतेक फ्रेम आपल्या शेजाऱ्यांच्या आधाराने साठवलेल्या असतात. आधी प्रोरेझसारख्या, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणाऱ्या स्वरूपात बदलून घेतलं की तो त्रास जातो.

‘अॅडाप्ट फीचर’ म्हणजे दर फ्रेमला नमुना नव्याने उचलण्याचा पर्याय मोहात पाडतो. धूसर फ्रेममधूनही तो पार होतो. पण दर खेपेला अर्धा पिक्सेल चुकला तर पुढची खेप त्या चुकीलाच खरं मानून पुढे जाते, आणि फुली टिकलीच्या मधून हळूच कडेला, मग कडेबाहेर निघून जाते. सायकलच्या बाबतीत हे ओळखणं सोपं आहे: प्रत्येक फेऱ्यात पाय तळाशी असतानाच्या फ्रेम एकापाठोपाठ बघायच्या. फुली टिकलीच्या त्याच जागी परत येते की नाही ते लगेच दिसतं.

आता घोटा. बकलचा ट्रॅक हाती होता. घोट्याचं हाड त्याच्यापासून साधारण ६० पिक्सेलवर, थोडं मागे आणि वर. अटॅच पॉइंट नेमका यासाठीच असतो. चौकट बकलवर ठेवायची आणि फुली ओढून घोट्यावर न्यायची. पहिल्या फ्रेममध्ये सुरेख बसलं. टाइमलाइन पुढे सरकवली तर पाय वर येताना फुली नडगीच्या बाहेर हवेत, आणि खाली जाताना टाचेकडे.

कारण सरळ आहे. फुली आणि चौकट यांच्यातलं अंतर पडद्याच्या आडव्या-उभ्या अक्षांत गोठवलेलं असतं. पण पाऊल पेडलवर नुसतं फिरत नाही, टाच वर-खाली करत स्वतःही वळतं. समजा ते २० अंशांनी वळलं, तर ६० पिक्सेलवरचा घोटा बकलच्या मानाने सुमारे २१ पिक्सेल सरकतो. फुलीला याचा पत्ताच नाही. नडगी चित्रात ३२० पिक्सेल लांब. २१ पिक्सेल आडवे गेले तर गुडघ्याच्या कोनात जवळपास पावणेचार अंशांची फेकाफेक. सीट किंचित वर-खाली करण्याने जेवढा फरक पडतो, त्याहून हा गोंधळ मोठा ठरायचा.

म्हणून बुटावर दोन बिंदू घेतले. एक बकल, दुसरा चवड्याजवळची पांढरी शिलाई. दोन बिंदूंवरून जागा आणि वळण दोन्ही मिळतं; ते एका नलला, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त जागा धरून ठेवणाऱ्या लेयरला, लावलं आणि त्या नलचं बाळ म्हणून दुसरा नल घोट्यावर ठेवला. आता बूट वळला की घोटाही त्याच्याभोवती वळतो. इथे एक गोष्ट सांभाळायची: दोन बिंदू शक्य तेवढे लांब हवेत. ४० पिक्सेलच्या अंतरात एका बिंदूची एका पिक्सेलची थरथर म्हणजे जवळजवळ दीड अंश. तेच अंतर १२० पिक्सेल असेल तर अर्ध्या अंशाच्या आत.

तीन नल तयार झाले. त्यांना आकृती बांधणं हा सगळ्या प्रकारातला सर्वात सोपा भाग. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून ‘क्रिएट नल्स फ्रॉम पाथ्स’ नावाचं छोटं पॅनल मिळतं. पेन टूलने तीन बिंदूंची रेघ काढायची, तिचा पाथ निवडायचा आणि ‘पॉइंट्स फॉलो नल्स’ दाबायचं. प्रत्येक बिंदूला एक नल मिळतो आणि नल हलला की पाथचा तो बिंदू हलतो. मग त्या नलांना आपल्या ट्रॅकवरच्या नलांशी जोडून टाकायचं. चौकोन किंवा लंबवर्तुळाच्या तयार आकारांवर हे चालत नाही, कारण त्यांना बिंदू नसतात, फक्त मापं असतात. त्यांना आधी बेझिए पाथमध्ये, म्हणजे बिंदूंनी बनलेल्या रेघेत, बदलावं लागतं.

गुडघ्याचा रंगीत कोन मात्र मी मुद्दाम तयार वर्तुळातूनच केला. वर्तुळ गुडघ्यावर ठेवलं, त्याला जाड स्ट्रोक दिला आणि ट्रिम पाथ्सने हवा तेवढाच तुकडा शिल्लक ठेवला, कोनाला ३.६ ने भागलं की टक्केवारी मिळते. वळण मांडीच्या दिशेवरून. एक्सप्रेशनमधला (लेयरला लिहून दिलेल्या छोट्या सूत्रातला) आर्कटॅन, म्हणजे दिशेचा कोन काढणारं गणित, घड्याळातल्या तीनच्या जागेपासून मोजायला लागतं आणि वर्तुळाचा पाथ बाराच्या जागेपासून सुरू होतो, म्हणून मध्ये ९० अंश मिळवायचे. एवढं केल्यावर मांडी आणि नडगी यांच्यात रंगाची फाक दर फ्रेमला आपोआप उघडमीट करू लागली. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा मी विनाकारण तीन-चारदा मागे-पुढे करून बघत बसले होते, हे कबूल करायला हरकत नाही.

आणि मग पहिला मसुदा प्रशिक्षकांकडे गेला. त्यांचं उत्तर आलं: “मॅडम, रेघ पायाला चिकटलेली वाटत नाही. पायामागे धावतेय. आणि मांडी मध्येच लांब होते.”

मांडी लांब होते! ही टीका नव्हती, मोजपट्टीच होती. हाड काही लांब-आखूड होत नाही. कॅमेरा काटकोनात बाजूला असेल तर खुबा ते गुडघा आणि गुडघा ते घोटा ही दोन्ही अंतरं पडद्यावर जवळपास कायम राहिली पाहिजेत. मी लगेच दोन टेक्स्ट लेयर टाकले आणि दोन्ही लांब्या पिक्सेलमध्ये छापायला लावल्या. त्यानंतर प्रत्येक ट्रॅक मी कॉन्फिडन्सने नाही, या दोन आकड्यांनी तपासला. नडगीची लांबी एका फ्रेमला एकदम उडाली तर बकल सुटलं. हळूहळू सरकत गेली तर नमुना घसरतोय. कुठल्याही हत्यारात हा तपास आयता मिळत नाही, कारण हत्याराला आकृतीचा अर्थ माहीत नसतो.

मांडीच्या आकड्यात मात्र ना उडी होती ना घसरण. तो प्रत्येक फेऱ्याला लाटेसारखा वर-खाली व्हायचा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाने. खुब्याचा ट्रॅक तपासला. फुली टिकलीच्या मधोमध, पिक्सेलभरही इकडेतिकडे नाही. ट्रॅक निर्दोष होता आणि तरीही रेघ खोटी होती. टिकली कापडावर होती, कापड कातडीवर आणि कातडी हाडावर. पाय उचलला की हे सगळे थर एकमेकांवरून सरकतात. हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण चांगली परिचित आहे आणि खुब्यापाशी ती विशेष त्रास देते. ट्रॅकरने त्याला दाखवलेल्या गोष्टीचा मागोवा इमानदारीने घेतला होता. मला हवा होता तो सांधा, आणि सांधा चित्रात कुठे दिसतच नव्हता.

मग तो दिसणाऱ्या गोष्टीवरून काढावा लागला. बसलेल्या सायकलपटूचा खुबा जवळजवळ एका जागी असतो आणि गुडघा त्याच्याभोवती वर्तुळाच्या कमानीत झुलतो. कमान माहीत असली की तिचा मध्य काढता येतो, शाळेतली भूमिती. गुडघ्याच्या ट्रॅकचा मोशन पाथ (तो फिरला ती वाट) पडद्यावर उघडा ठेवला, त्यावरचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन बिंदू घेतले, त्यांना जोडणाऱ्या रेघांचे लंबदुभाजक काढले. ते जिथे छेदले ती जागा टिकलीपासून बऱ्यापैकी खाली आणि पुढे होती. अनेक फेऱ्यांसाठी तेच केलं, सरासरी घेतली आणि खुब्याचा नल तिथे ठेवला. कंबर किंचित डुलत होती, तेवढी हालचाल टिकलीच्या ट्रॅकमधून घेतली, पण खूप मऊ करून. मांडीची लांबी शांत झाली. स्थिर फ्रेम पाठवली तेव्हा प्रशिक्षकांनी नुसतं लिहिलं, “हाड इथेच असतं.”

शॉटच्या शेवटच्या भागात सायकलपटू हँडलवर खाली वाकतो. तिथे प्रत्येक फेऱ्यात, गुडघा सर्वात वर असताना, तीन-चार फ्रेम तो कोपराआड जातो. सर्वसाधारण उपाय म्हणजे त्या फ्रेमच्या कीफ्रेम, म्हणजे तिथे नोंदलेल्या जागा, काढून टाकायच्या आणि मधली वाट सॉफ्टवेअरला भरू द्यायची. पण गुडघा तिथेच दिशा बदलतो; कीफ्रेम काढल्या की वाट ते वळण कापून सरळ जाते, आणि गुडघा कधी पूर्ण वर येतच नाही. इथे मघाच्या दोन लांब्या पुन्हा उपयोगी पडल्या. खुबा दिसतोय, घोटा दिसतोय. खुब्याभोवती मांडीएवढं वर्तुळ काढा, घोट्याभोवती नडगीएवढं. दोन्ही दोन जागी छेदतात: एक पुढे, एक मागे. माणसाचा गुडघा मागे वाकत नाही, त्यामुळे पुढची जागा घ्यायची. एका एक्सप्रेशनमध्ये हे बसलं आणि झाकलेल्या फ्रेममध्ये गुडघा, न दिसताही, जिथे असायला हवा तिथे आला. अॅनिमेशनमध्ये पात्रांचे हातपाय हलवायला जे इन्व्हर्स किनेमॅटिक्स वापरतात, ते हेच.

अलीकडे यंत्रशिक्षणावर आधारलेले ट्रॅकरही निघाले आहेत. मेटाचा कोट्रॅकर आणि गुगल डीपमाइंडचा टॅपिर, दोन्ही २०२३ मधले. ते एकेका चौकटीत न शोधता पुढच्या-मागच्या अनेक फ्रेम एकत्र बघतात, आणि आडोशामागे गेलेला बिंदू पुढे कुठे निघेल याचा अंदाज बांधतात. बोल्टवर उडी मारण्यासारखे प्रकार त्यांनी बरेच कमी होतील. पण कापडावरची टिकली सरकते ती त्यांच्यासमोरही सरकणारच.

रेघेची थरथर घालवण्याचं काम शेवटी येतं आणि घाई झालेली असते म्हणून बहुतेक जण स्मूदर, म्हणजे शेजारच्या फ्रेमशी मिळवून हालचाल मऊ करणारं हत्यार, लावून मोकळे होतात. संथ शॉटमध्ये चालतं ते. गोल-गोल फिरणाऱ्या पायावर त्याचा परिणाम काय होतो ते कागदावर करून बघण्यासारखं आहे. एक फेरा सुमारे सतरा फ्रेमचा. त्यावर पाच फ्रेमची साधी सरासरी लावली तर वर्तुळ आकसतं, १७० मिलिमीटरची त्रिज्या जवळपास १४७ वर येते. मागोवा मऊ होतो, गोड दिसतो आणि पाय कधी तळाला पोचतच नाही. आणि सायकलवाल्यांना कोन हवा असतो तो नेमका तळाशी! पेडल तळाला असताना गुडघ्याचा वाक (पूर्ण सरळ पायापासून मोजलेला) २५ ते ३५ अंश असावा असा त्यांच्यात रूढ निकष आहे. वर्तुळ आकसलं की गुडघा खऱ्याहून जास्त वाकलेला दिसतो आणि बिचारी सीट विनाकारण उंच होते. म्हणून घोट्याला आणि गुडघ्याला मी सरसकट सरासरी लावलीच नाही. जिथे थरथर होती तिथल्या थोड्या कीफ्रेम हाताने नीट केल्या. खुब्याला मात्र भरपूर मऊ केलं, कारण तिथे मुळात हालचालच नव्हती.

आकड्याचं काय करायचं यावर थोडी वादावादी झाली. प्रशिक्षकांना दशांश चिन्हानंतरचा एक अंक हवा होता. गुडघ्याचा बिंदू पाच पिक्सेल चुकला तरी कोनात पावणेदोन अंशांचा फरक पडतो, हे मी त्यांना त्यांच्याच फुटेजवर बिंदू सरकवून दाखवलं. मग ते पूर्णांकावर राजी झाले. दर फ्रेमला बदलणारा आकडा कुणाला वाचता येत नाही, म्हणून पाय तळाशी आला की तो आकडा पुढच्या फेऱ्यापर्यंत तसाच धरून ठेवला. ते एकदम शांत दिसतं. शिकवणाऱ्या आकृतीचं आणि खऱ्यासारख्या भासणाऱ्या इफेक्टचं गणित वेगळं असतं. याच कारणाने रेघांना मोशन ब्लरही दिला नाही. पाऊल धूसर असलं तरी रेघ तिथे रेखीवच हवी.

मोबाइलसाठी उभी आवृत्ती करायची होती तेव्हा १०८० उंचीचं फुटेज १९२० उंचीच्या कॉम्पमध्ये (अंतिम चित्राच्या चौकटीत) १७८ टक्के मोठं करून बाजूला सरकवलं. ट्रॅकचे आकडे फुटेज लेयरच्या मापात असतात, कॉम्पच्या नाही. ते नलला सरळ जोडले असतील तर अशा वेळी आकृती पाय सोडून कोपऱ्यात जाऊन पडते. एक्सप्रेशनमध्ये फुटेजच्या मापातून कॉम्पच्या मापात नेणारं ‘टूकॉम्प’ लावून ठेवलं असलं की फुटेज कितीही हलवा, रेघा बरोबर येतात. हे पहिल्या दिवशीच लावून ठेवावं.

हेच काम ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्येही फुकटात होतं. तिथे मास्कचा एकेक बिंदू ट्रॅकरच्या मार्करला थेट पालक म्हणून जोडता येतो, नलची मधली पायरीच नाही. फ्यूजन या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये पॉलिगॉनचे बिंदू ‘पब्लिश’ करून ट्रॅकरला जोडतात. मला आफ्टर इफेक्ट्सच्या एक्सप्रेशनची सवय, म्हणून मी तिथे रमते.

पुढच्या चित्रीकरणासाठी प्रशिक्षकांनी यादी मागितली. घोट्याची टिकली मोज्याच्या वर चिकटवा, बुटावर आणखी दोन लावा आणि शटर १/५०० ठेवा, असं मी लिहिलं. त्यांच्या कॅमेरावाल्याने लगेच हात वर केले: १/५० वरून १/५०० म्हणजे दहावा हिस्सा उजेड, त्या खोलीत एवढे दिवे नाहीत आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, चढवला तर दाणे येतील. त्याचं म्हणणं बरोबर होतं. दाणेदार फ्रेममध्येही ट्रॅक थरथरतोच. शेवटी १/२०० वर तडजोड झाली. पावलाची फासण २६ पिक्सेलवरून साडेसहावर येते आणि उजेडाची दोन स्टॉपची, म्हणजे चौपट, तूट एक जादा दिवा भरून काढतो. चाचणीच्या क्लिपमध्ये बकल बोल्टसमोरून ल्युमिनन्सवरच, सॅच्युरेशनला हात न लावता, पार गेलं.